प्रतिभेची कोंडी : कवि अनिलांच्या काव्यांतील दोन वळणें

लेखकाची लेखणी अडली कीं त्याच्याभोंवतीं दोन प्रकारचे सल्लागार जमतात. एक म्हणतो, 'स्वस्थ बसा. स्फूर्ति आपल्या वेळेनें येईल.' दुसरा म्हणतो, 'जिद्द धरा. रोज दहा पानें लिहीत जा, वाट आपोआप मोकळी होईल.' पहिल्याची प्रतिभेवर भाबडी श्रद्धा असते, दुसऱ्याची श्रमावर तितकीच भाबडी. अध्यापनाच्या निमित्तानें कितीतरी होतकरू कवि माझ्या पाहण्यांत आले. पहिल्या सल्ल्यानें त्यांतले कांहीं मुके झाले आणि दुसऱ्यानें कांहीं वाचाळ झाले; कोंडी मात्र कोणाचीच फुटली नाहीं. ही स्थिति केवळ कवींच्याच वांट्याला येते असेंही नाहीं. वीस वर्षें एकच विषय शिकविणारा अध्यापक, एकाच ठशाचे दावे चालविणारा वकील, वडिलांनीं आंखून दिलेल्या रीतीनें पेरणी करणारा शेतकरी, यांनाही एके दिवशीं वाटूं लागतें कीं आपण चालत आहों खरे, पण पुढें जात नाहीं. फरक इतकाच, कीं कवीच्या अडण्याचा आणि सुटण्याचा पुरावा छापील स्वरूपांत मागें उरतो, आणि म्हणून टीकाकाराला तो तपासतां येतो.

आपल्या साहित्यशास्त्रकारांनीं या प्रश्नाकडे लक्ष दिलें नव्हतें असें कोणी समजूं नये. मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त काव्याचा हेतु सांगतांना शक्ति, निपुणता आणि अभ्यास हीं तिन्ही एकत्र गुंफिलीं; तीं तीन स्वतंत्र कारणें नसून मिळून एकच कारण होय, असा त्याचा आग्रह आहे. त्याच्याही पूर्वीं दंडीनें 'काव्यादर्शां'त असा धीर दिला, कीं उपजत प्रतिभा अलौकिक नसली तरी अध्ययनानें आणि यत्नानें उपासिलेली वाणी कांहीं ना कांहीं अनुग्रह करतेच. ज्या दंडीनें वैदर्भ मार्गाची थोरवी गाइली, त्याचें हें आश्वासन विदर्भांतल्या लेखकांना तरी परकें वाटूं नये. परंतु त्यांत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. ज्याच्यापाशीं प्रतिभा आहे, अध्ययन आहे, यत्नही आहे आणि तरीही जो अडला आहे, त्यानें काय करावें? यत्न वाढवावा, कीं यत्नाची दिशाच बदलावी? या प्रश्नाचें उत्तर मला कोणत्याही शास्त्रग्रंथापेक्षां आमच्याच वऱ्हाडांतल्या एका कवीच्या ग्रंथमालिकेंत अधिक स्पष्टपणें सांपडतें. तो कवि म्हणजे अनिल.

आत्माराम रावजी देशपांडे, ऊर्फ अनिल, यांचा जन्म १९०१ सालीं मूर्तिजापूर येथें झाला. १९८२ सालीं ते वारले. व्यवसायानें ते न्यायाधीश होते आणि पुढें समाजशिक्षणाच्या कार्यांतही त्यांनीं मोठा वांटा उचलला. त्यांच्या पत्नी कुसुमावती देशपांडे, माहेरच्या जयवंत, या अमरावतीच्या. इंग्रजी वाङ्मयाच्या प्राध्यापिका, कथालेखिका आणि मराठींतील एक साक्षेपी टीकाकार. अनिलांचा पहिला संग्रह 'फुलवात' १९३२ मध्यें प्रसिद्ध झाला. १९४० मध्यें 'भग्नमूर्ति', १९४७ मध्यें 'पेर्ते व्हा', १९६१ मध्यें 'सांगाती' आणि १९७६ मध्यें 'दशपदी' हे त्यांचे पुढील महत्त्वाचे ग्रंथ. 'दशपदी'ला १९७७ सालीं साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. हीं नांवें आणि हीं सालें ओळीनें मांडलीं म्हणजे एक गोष्ट ध्यानांत येते : या कवीनें आपल्या आयुष्यांत दोनदां हातीं असलेलें, वाचकांना मान्य झालेलें साधन बाजूला ठेवलें. पहिल्या वेळीं त्यानें बंधनें सैल केलीं. दुसऱ्या वेळीं आपण होऊन नवें बंधन घालून घेतलें. हीं दोन वळणें परस्परविरुद्ध दिसतात. तीं तशीं नाहींत, हें दाखविणें हा या लेखाचा हेतु आहे.

'फुलवात' ज्या काळांत आली त्या काळची मराठी कविता दरिद्री नव्हती. उलट ती फार सुस्थितींत होती, आणि हीच तिची अडचण होती. केशवसुतांनीं १८९२ सालीं मराठींत आणलेली चौदा ओळींची रचना 'सुनीत' हें नांव धारण करून घरोघर पोहोंचली होती. १९२३ सालीं पुण्यास स्थापन झालेल्या रविकिरण मंडळानें कविता म्हणण्याची आणि ऐकण्याची गोडी लोकांना लाविली होती. तांब्यांच्या गेय रचनेनें भावगीताचा घाट सिद्ध केला होता. एवढी सगळी सिद्धता झाली म्हणजे नवख्या कवीचें काम फार सोपें होतें, आणि सोपें झालेलें काम लौकरच पोकळ होतें. १९२५ सालीं अत्र्यांच्या 'झेंडूच्या फुलां'नीं महाराष्ट्राला पोट धरून हंसविलें. त्या हंशांत एक गंभीर इशारा होता, तो आतां अधिक स्पष्ट ऐकूं येतो. एखाद्या काव्यपद्धतीचें विडंबन हुबेहूब साधतें याचा अर्थच हा, कीं तिचीं वळणें आतां कोणाच्याही हाताला पाठ झालीं आहेत. जें कोणालाही करतां येतें तें करीत राहण्यांत खऱ्या कवीची घुसमट होते; आणि दुर्दैव असें, कीं त्याच वेळीं लोकांची वाहवा सर्वांत अधिक मिळत असते.

अनिलांच्या आरंभींच्या कवितेंत कोंवळेपणा आहे, संयम आहे, आणि प्रेमभावनेच्या सूक्ष्म छटा टिपणारी नजर आहे. परंतु तिचा जीव एका क्षणाएवढा आहे. एक अबोला, एक संध्याकाळ, एक भेट तिच्यांत पूर्ण मावते. विचाराची लांब वाटचाल मात्र मावत नाहीं. कवीला जेव्हां एका प्रदीर्घ चिंतनाची ओढ लागली, तेव्हां हा लहानसा घाट त्याला अपुरा पडणें अपरिहार्य होतें. 'भग्नमूर्ति' हें काव्य एका भंगलेल्या मूर्तीच्या दर्शनापासून निघतें आणि कला, श्रद्धा, संस्कृतीचा उत्कर्ष व ऱ्हास अशा विस्तृत प्रदेशांतून जातें. हा प्रवास भावगीताच्या कडव्यांत घडविला असता तर दर चार ओळींनीं यमकासाठीं थांबावें लागलें असतें, आणि प्रत्येक थांब्यावर विचार थोडा थोडा सांडला असता. म्हणून अनिलांनीं मुक्तछंद जवळ केला, आणि त्याचे मराठींतले प्रवर्तक म्हणून त्यांचें नांव झालें.

आतां मुक्तछंद म्हणजे गद्य तोडून त्याच्या ओळी लावणें नव्हे. वृत्तांत लघुगुरूंचा क्रम ठरलेला असतो. जातींत मात्रांचा मेळ ठरलेला असतो. मुक्तछंदांत ओळीची लांबी अर्थाप्रमाणें आणि श्वासाप्रमाणें कमी-अधिक होते, पण उच्चाराचे लहान लहान गट लयीनें परतून येत राहतात. पाश्चात्य कवींचें उदाहरण अनिलांच्या पिढीपुढें होतें, यांत शंका नाहीं. तथापि उदाहरण परक्याचें घेतां आलें तरी लय परक्याची घेतां येत नाहीं. मराठी माणूस ज्या झोंकानें बोलतो त्याच झोंकावर आमची ओवी आणि आमचा अभंग हे जुने अक्षरछंद उभे आहेत, आणि मुक्तछंदालाही त्याच भूमीवर पाय रोवावे लागले. म्हणजे ज्याला आपण 'पुढचें पाऊल' म्हणतों, तें एका अर्थानें मागें टाकलेलें पाऊल होतें. साच्याच्या पलीकडे जाण्यासाठीं कवि साच्याच्या पूर्वीं जें होतें तिकडे, म्हणजे बोलण्याकडे, परतला.

ज्यानें वऱ्हाडांतल्या काळ्या जमिनींत पावसाळ्याची गाडीवाट पाहिली आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाहीं. चाक चिखलांत रुतलें म्हणजे नवशिका गाडीवान बैलांना मारीत सुटतो, आणि चाक अधिकच खोल जातें. जाणता गाडीवान आधीं गाडींतलें ओझें उतरवितो. मग चाक हातभर मागें घेतो, चाकोरी सोडून थोड्या निराळ्या रोखानें वळवितो, आणि मगच बैलांना हांक देतो. बैलांची ताकद आधींही तीच असते आणि नंतरही तीच. आमचे दोन सल्लागार येथें आठवावेत. स्फूर्तीची वाट पाहा म्हणणारा चिखल वाळण्याची वाट पाहतो, आणि जिद्दीचा उपदेश करणारा बैलांवर चाबूक उगारतो. ओझें उतरविण्याचें दोघांनाही सुचत नाहीं. कवीचें ओझें कोणतें? तर त्याला उत्तम साधलेली गोष्ट. तीच खालीं ठेवणें सर्वांत जड जातें.

इतक्यावर कथा संपली असती तर ती एखाद्या बोधकथेसारखी सोयीची झाली असती. परंतु अनिलांचें काव्य त्याहून अधिक प्रामाणिक आहे. 'भग्नमूर्ती'चें ऐतिहासिक महत्त्व मान्य करूनही असें म्हणावें लागतें, कीं तिच्या कांहीं भागांत विचार वक्तृत्वाच्या उतारावर धांवूं लागतो. एकदां सांगितलेला आशय दुसऱ्या विशेषणांनीं पुन्हां सांगितला जातो. बांध नसलेलें पाणी दूरवर पसरतें, पण त्याची खोली राहत नाहीं. पुढें तर मुक्तछंद हा अनेकांना सोयीचा रस्ता वाटला आणि त्याचीही चाकोरी झाली. ज्या द्वारानें एक कवि बाहेर पडला, त्याच द्वाराशीं पुढील काळांत गर्दी उसळली. एकदां कोंडी फुटली म्हणजे ती कायमची फुटली, ही समजूत किती भ्रामक आहे हें येथें दिसतें. प्रत्येक सुटकेच्या पोटीं पुढील अडकणुकीचें बीज असतें. कारण जें साधतें तें पाठ होतें, आणि जें पाठ होतें तें रुततें.

अशा वेळीं अनिलांनीं काय केलें? मुक्तछंदाचे प्रवर्तक ही पदवी मिरवीत ते बसले नाहींत. त्यांनीं 'दशपदी' हा स्वतःचा घाट घडविला. दहा ओळी, न अधिक न उणी. यावर असा आक्षेप घेतां येईल, कीं ज्यानें बंधनें तोडण्याचा पुरस्कार केला त्यानेंच उतारवयांत ओळी मोजाव्या ही एक प्रकारची माघार होय. मला तसें वाटत नाहीं. सुनीत दुसऱ्यांनीं घडविलेलें होतें, त्याच्या चौदा ओळी वारशानें मिळत होत्या. दशपदीच्या दहा ओळी कवीनें आपल्या गरजेंतून मोजल्या. उसनें बंधन आणि स्वीकृत बंधन यांत जें अंतर आहे तें बेडी आणि व्रत यांतील अंतर आहे. शिवाय मुक्तछंदांत कमावलेली बोलण्याची सहजता या दहा ओळींत नाहींशी झाली नाहीं. ती आंत राहिली, आणि घाटाच्या आंवळपणामुळें तिला धार आली. 'फुलवाती'च्या काळांतला कवि लहान कविता लिहीत होता, कारण त्याच्यापाशीं क्षण होता. 'दशपदी'चा कवि लहान कविता लिहितो, कारण त्याला दीर्घ विचार थोडक्यांत थांबवितां येतो. आकार सारखा दिसला तरी आंतला माणूस तोच नाहीं. मधल्या दीर्घ वाटचालीवांचून दशपदी संभवली नसती, आणि दशपदीवांचून ती वाटचाल अर्धवट राहिली असती.

या ठिकाणीं एका मोहापासून वाचकांना सावध केलें पाहिजे. १९६१ हें 'सांगाती'च्या प्रकाशनाचें वर्ष, आणि त्याच वर्षाच्या नोव्हेंबरांत कुसुमावती निवर्तल्या. अनिल १९५८ सालीं मालवणच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले होते. कुसुमावतींनीं १९६१ सालीं ग्वाल्हेरचें अध्यक्षपद भूषविलें, आणि तो मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. या दोघांचा विवाहपूर्व पत्रव्यवहार 'कुसुमानिल' या नांवानें १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. एवढा मजकूर हातीं असला म्हणजे, दुःखानें कवीला नवा घाट दिला, अशी कथा रचण्याचा मोह कोणालाही होईल. परंतु दुःख हें कोणालाच घाट देत नसतें. दुःख पुष्कळांना होतें. दशपदी एकानेंच घडविली. घाट मिळतो तो हाताच्या शिक्षणानें. दुःखानें झालें असेल तर एवढेंच, कीं बोलण्यासारखें फार उरलें नसतांना थोडक्यांत बोलण्याची गरज अधिक तीव्र झाली असेल. त्यापुढें जाण्याचा अधिकार टीकाकाराला नाहीं.

इंग्रजी वाङ्मयांत या विषयाचीं दोन प्रसिद्ध उदाहरणें आहेत आणि तीं येथें उपयोगीं पडतात. कोलरिजनें १८०२ सालीं आपल्या आटलेल्या कल्पनाशक्तीवर शोक करणारें एक काव्य लिहिलें, आणि गंमत अशी कीं तें त्याच्या श्रेष्ठ काव्यांपैकीं एक ठरलें; जें अडलें आहे त्याचाच त्यानें विषय केला. दुसरें उदाहरण जॉन स्टुअर्ट मिलचें. लहानपणापासून तर्कशास्त्रावर पोसलेल्या या बुद्धिमान तरुणाला १८२६ सालीं एकाएकीं सर्वच उद्योग निरर्थक वाटूं लागला. अधिक तर्कानें तो बरा झाला नाहीं. मार्मोंतेलच्या आठवणी वाचतांना त्याचे डोळे भरून आले तेव्हां गांठ थोडी सैल झाली, आणि पुढें १८२८ सालीं वर्ड्स्वर्थच्या कवितेनें त्याला मोठा आधार दिला. त्यानें तर्कशास्त्र सोडलें नाहीं. पण ज्या शक्तीवर त्याचें सारें शिक्षण झालें होतें तिचें ओझें थोडा वेळ खालीं ठेवलें. आमच्याकडे मर्ढेकरांचें उदाहरण असेंच बोलकें आहे. 'शिशिरागम' (१९३९) वाचणाऱ्याला 'कांहीं कविता' (१९४७) त्याच हातची आहे हें सहज पटणार नाहीं. यंत्रयुगाची तडफड बोलून दाखविण्यासाठीं या कवीला अगदीं नवा छंद शोधावासा वाटला नाहीं. तो संतांच्या अभंगाकडे आणि ओवीकडे गेला. नवें सांगण्यासाठीं चाक किती मागें घ्यावें लागतें याचें याहून स्पष्ट प्रमाण मराठींत क्वचितच मिळेल.

हा नियम केवळ छापील वाङ्मयाला लागू आहे असें नाहीं. १९५६ सालच्या २० डिसेंबरला, ज्या वलगांवाजवळ, पेढी नदीच्या परिसरांत, गाडगेबाबांनीं देह ठेवला, तेथें बसून हा विषय लिहितांना त्यांच्या कीर्तनाचा विचार टाळणें अशक्य आहे. १८७६ सालीं शेंडगांवच्या परिटाच्या घरीं जन्मलेल्या, अनिलांच्याच मूर्तिजापूर तालुक्यांत मामांच्या शेतावर राबलेल्या या पुरुषाला शाळा ठाऊक नव्हती. मामांची जमीन सावकाराच्या पेंचांत सांपडलेली त्यांनीं पाहिली होती. १९०५ च्या फेब्रुवारींत ते घर सोडून निघाले. परंतु घर सोडणारे आमच्याकडे थोडे नाहींत. टीकाकाराला त्यांच्यांत आस्था वाटते ती पुढील गोष्टीमुळें. कीर्तनाचा रूढ घाट पूर्वरंग आणि उत्तररंग असा बांधलेला. त्यांत निरूपण, त्यांत आख्यान, आणि समोर मुकाट ऐकणारा श्रोता. बाबांनीं पोथीचें आणि पांडित्याचें ओझें उतरवून ठेवलें. त्यांनीं वऱ्हाडी बोलींत श्रोत्यालाच प्रश्न विचारला, त्याच्या तोंडून उत्तर घेतलें, आणि त्या उत्तरांतून पुढचा प्रश्न काढला. कर्ज, दारू, पशुहत्या, अस्पृश्यता यांचा निवाडा श्रोता स्वतःच्या तोंडानें करून बसला. साच्याच्या आधीं काय होतें? दोन माणसांचा संवाद होता. बाबा तेथपर्यंत मागें गेले, आणि म्हणून त्यांचें कीर्तन लाखोंपर्यंत पुढें गेलें. न्यायाधीश कवि आणि निरक्षर कीर्तनकार यांना एका लेखांत बसविणें कोणाला विचित्र वाटेल. पण दोघांनींही बोलीकडेच धांव घेतली, हें साम्य वरवरचें नाहीं.

यावरून, घाट बदलला म्हणजे सुटका झाली, असा निष्कर्ष मात्र कोणी काढूं नये. आज भावगीत, उद्यां गझल, परवां मुक्तछंद असे वेष बदलणारे पुष्कळ असतात. त्यांच्या वेषांतराला वळण म्हणतां येत नाहीं. खऱ्या वळणाची कसोटी एकच आहे. जें पूर्वीच्या साधनानें बोलतां आलें नसतें, असें कांहीं नव्या साधनानें बोललें गेलें काय? 'भग्नमूर्ति' या कसोटीस आपल्या दोषांसकट उतरते, 'दशपदी' तर निःसंशय उतरते. जेथें नवा घाट जुनाच मजकूर सांगतो, तेथें फक्त रंगरंगोटी झाली असें समजावें.

म्हणून अडलेल्या लेखकानें, आणि लेखकच कां, अडलेल्या कोणत्याही कर्त्या माणसानें, स्वतःला प्रथम हें विचारावें कीं आपल्यापाशीं सांगण्याजोगें संपलें आहे, कीं सांगण्याची रीत संपली आहे. मजकूरच संपला असेल तर लेखणी ठेवून जगावें, वाचावें, लोकांत मिसळावें. त्यांत लाज नाहीं. रीत संपली असेल तर आपल्याला सर्वांत सफाईनें काय करतां येतें तें शोधून तेंच कांहीं काळ वर्ज्य करावें. यांत लौकिकाचें नुकसान आहे, आणि तें सोसण्याची तयारी नसेल तर पुढें बोलण्यांत अर्थ नाहीं. अनिलांच्या एका संग्रहाचें नांव 'पेर्ते व्हा'. पावशा पक्ष्याच्या ओरडण्यांत शेतकऱ्याला हेच शब्द ऐकूं येतात, आणि तो ओरडतो तो पावसाच्या तोंडावर, जमीन अजून तापलेली असतांना. पीक हातीं येईल याची हमी तो पक्षी देत नाहीं. तो फक्त पेरणीची वेळ झाली असें सांगतो. ऐकणाऱ्यानें मात्र बियाणें नीट पाहून घ्यावें आणि गेल्या सालच्याच तासांत तें टाकूं नये.